सोने सोडून पैठणी

त्या पैठणीच्या चोरीचा तपास मला अजून जसाच्या तसा आठवतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतल्या काहींसाठी बक्षिसेही मिळाली. पण कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटले की मी हीच काढतो, आणि सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. नावे मात्र कोणाचीही घेणार नाही. त्यातली बहुतेक माणसे नाशिक जिल्ह्यातच आहेत आणि सुखात आहेत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकला तेव्हा आयुक्तालय नव्हते, आम्ही सारे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली. शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी, मग बंदोबस्ताचे वाटप, मग ठाणे अंमलदाराकडून आदल्या रात्रीचा आढावा, असा माझा दिवस सुरू होई. या क्रमात कोणी आडवे आलेले मला खपत नसे.

अशीच एकदा हजेरी चालू असताना एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. खांद्याला शबनम, वय बावीस-तेवीस. अधीक्षकांची परवानगी तिने माझ्यासमोर धरली. बाहेरगावच्या विद्यापीठात ती एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि विषय होता गुन्हेगारीशास्त्र व फौजदारी न्यायव्यवस्था. प्रबंधासाठी तिला काही आठवडे ठाण्यात बसून आमचे काम पाहायचे होते.

"गुन्हेगारीचं शास्त्र?" आमचे जमादार म्हणाले. "ताई, त्याला विद्यापीठ कशाला? आमच्या लॉकअपमध्ये एकेक प्राध्यापक बसलेत."

सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, "म्हणूनच आले. तिकडे नुसती पुस्तकं आहेत."

मुलगी नाशिकरोडकडच्या बौद्ध वस्तीतली. वडील सरकारी कचेरीत कारकून. नातेवाइकांनी त्यांना सांगून पाहिले होते की पोरीला बी.एड. करा, मास्तरीण होईल, लग्न जमेल. त्यांनी कोणाचे ऐकले नाही. "तुला कळतंय ना तू काय शिकतेस? मग झालं," एवढेच ते मुलीला म्हणाले होते. बापाची ही हिंमत मला आवडली, पण तिच्या प्रबंधाचा विषय ऐकून मी कपाळाला हात लावला. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाकडे पोलीस आणि समाज कसे पाहतात, हा तिचा विषय. म्हणजे बाईसाहेब आमचीच चौकशी करायला आल्या होत्या! मुद्देमालाच्या कपाटाशेजारी मी तिला एक खुर्ची दिली आणि मनात म्हटले, चार दिवसांत कंटाळून जाईल.

ती कंटाळली नाही. आमचे चहा, आमच्या शिव्या, आमची कागदपत्रे, सगळे तिने निमूट पाहून घेतले. आणि त्याच सुमारास ही फिर्याद आली.

फिर्यादी द्राक्ष-कांद्याचे व्यापारी. मूळचे पिंपळगाव बसवंतचे, पण शहरात नव्या वसाहतीत बंगला बांधून राहिलेले. घरात मुलाचे लग्न ठरलेले. होणाऱ्या सुनेसाठी येवल्याच्या विणकराकडून जांभळी पैठणी मुद्दाम विणून आणलेली होती, ती कपाटातून गेली. आम्ही पंचनामा केला. कपाटाचे कुलूप फोडलेले नव्हते, किल्लीने उघडून पुन्हा लावलेले होते. खालच्याच कप्प्यात दागिन्यांचा डबा होता, तो जागच्या जागी.

व्यापारी हात जोडून म्हणाले, "साहेब, गवगवा करू नका. लग्नाआधी सुनेची पैठणी गेली म्हटल्यावर लोक अपशकुन म्हणतील. आम्ही भाऊबंदांनासुद्धा सांगितलेलं नाही."

ठाण्यात परतल्यावर त्या मुलीने मला विचारले, "सर, सोनं सोडून साडी नेणारा चोर कसा असेल?"

"घाबरट," मी म्हणालो. "चाहूल लागली असेल. हाताला लागलं ते घेऊन पळाला."

"कपाटाला परत कुलूप लावून?"

हे माझ्याही लक्षात आले होते. पण मी पडलो साहेब. "बघू," म्हणालो आणि फाइल मिटली.

दोन दिवसांनी खबऱ्याने खबर आणली, आणि खबर अशी की कोणताही पोलीस अधिकारी खूश व्हावा. आमच्या हद्दीत घरफोडीची शिक्षा भोगून आलेला एक जण राहत होता. ठाण्याच्या निगराणीच्या यादीत त्याचे नाव होते. म्हणजे तो कुठे जातो, कोणाबरोबर बसतो, यावर आम्ही नजर ठेवायची. सुटून बरीच वर्षे झाली होती आणि पंचवटीच्या बाजूला एका पितळी भांड्यांच्या कारखान्यात तो पॉलिशचे काम करायचा. तरुणपणी कुलपाची किल्ली बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि हा माणूस व्यापाऱ्याच्या बंगल्यासमोर, सार्वजनिक नळापाशी, लागोपाठ तीन-चार संध्याकाळी नुसता उभा असलेला चहावाल्याने पाहिला होता.

"साहेब, झाली केस," जमादार म्हणाले. "पितळेचं काम, किल्लीचा हात आणि जागेवर हजर. अजून काय पाहिजे?"

मलाही दुसरे काही नको होते. त्याला चौकशीला आणले. पन्नाशीचा माणूस, हाताला पॉलिशचा काळपट रंग मुरलेला. मी मारहाणीवर विश्वास ठेवणारा अधिकारी कधीच नव्हतो, हे इथे मुद्दाम सांगतो. माझी पद्धत साधी होती. समोर बसवायचे, चहा द्यायचा आणि एकच प्रश्न विचारत राहायचे. माणूस खोटे बोलायला लागला की तपशील वाढवतो, खरे लपवायला लागला की गप्प बसतो. हा गप्प बसला होता. 'मी चोरी केली नाय' एवढे म्हणायचा, पण नळापाशी का उभा होता, हे विचारले की खाली बघायचा.

मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. मध्येच ती उठली आणि म्हणाली, "सर, मी बाहेर थांबते. माझ्यामुळे ते बोलत नसतील." जमादारांनाही मी तिच्याबरोबर बाहेर पाठवले. दार लागल्यावर तो माणूस बोलला.

"साहेब, माझ्या लेकीचं जमलंय. बंगल्याच्या समोर ती चाळ हाय ना, तिथं पोरगा ऱ्हातो. रविवारी साखरपुडा हाय."

"मग घरात जायचं. नळापाशी काय करत होतास?"

"बोलणीच्या दिवशी गेलतो की. तवा समदे नटूनथटून व्हते. मला एकट्यानं बघायचं व्हतं. पानी किती लांबून आणावं लागतं, नळाला रांग किती, सासू शेजारणीसंगं कशी बोलती. लेक द्यायची म्हंजी एवढं तरी बघाया नको?"

मलाही मुलगी आहे.

"ठीक आहे," मी म्हणालो. "मी त्या घरी माणूस पाठवून खात्री करतो. तू खरं बोलत असशील तर आत्ता सोडतो."

तो खुर्चीवरून खाली उतरला आणि त्याने माझे पाय धरले. "तेवढं नका करू साहेब. त्यांना म्या जेलात जाऊन आल्याचं ठावं नाय. दारात पोलीस गेला की सोयरीक मोडली. मला चार दिस हितंच बसवून ठेवा. बायको सांगंल, गावाकडं गेलाय. साखरपुडा मामा उरकंल. पर तिकडं जाऊ नका."

नोकरीत मी बरेच पेच पाहिले, पण असा नाही. त्याच्या निर्दोषपणाचा एकच पुरावा होता, आणि तो गोळा करायला गेलो की पोरीचे लग्न मोडत होते. न गोळा करावा तर संशयित म्हणून त्याला अटक दाखवणे भाग, आणि अटक काय फार दिवस लपते? काही झाले तरी त्याला बेकायदा बसवून ठेवायला मी तयार नव्हतो. संध्याकाळपर्यंत अटक किंवा सुटका, दोन्हींतले एक व्हायलाच हवे होते.

बाहेर आलो तर जमादार टोपी घालून निघायच्या तयारीत. दाराबाहेरून त्यांनी अंदाज बांधला होताच. "त्या चाळीत चक्कर मारून येतो साहेब."

"त्या चाळीकडे या ठाण्याचा एकही माणूस जायचा नाही," मी म्हणालो.

"आणि वरून विचारणा झाली तर?"

"माझं नाव सांगा."

मग त्या मुलीला मी सगळे सांगितले. का सांगितले, ठाऊक नाही. कदाचित सोन्याचा प्रश्न तिने विचारला होता म्हणून. ती म्हणाली, "सर, आम्हाला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवतात. गुन्हा झाला की सगळे गुन्हेगाराकडे बघायला लागतात. ज्याच्याकडे गुन्हा झाला, त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्या घरातल्या बायकांशी कोणी बोललंय का?"

"जबाब आहेत की."

"मी वाचले. सगळे मालकांनी सांगितलेत. 'माझी पत्नी सांगते की' असं म्हणून."

खरेच होते. तेव्हाची पद्धतच ती. माझ्या ठाण्यात एकही महिला पोलीस नव्हती, आणि बंगल्यातल्या बायका अनोळखी पुरुषांसमोर येत नसत. घरधनी सांगेल ते आम्ही लिहून घेत असू. पण साडी ही काय पुरुषाने सांगायची वस्तू आहे? ती कोणी पाहिली, कोणाला दाखवली, कोणाच्या डोळ्यांत भरली, हे बाईलाच माहीत. मी जीप काढायला सांगितली.

बंगल्यावर मी व्यापाऱ्यांबरोबर दिवाणखान्यात बसलो आणि ती मुलगी स्वयंपाकघरात गेली. आत काय झाले ते तिने मला नंतर सांगितले. मालकीणबाई एकट्याच लग्नाचे गहू निवडत बसल्या होत्या. ही शेजारी बसली आणि न सांगता निवडायला लागली. पैठणीचा विषय काढला की बाई दुसरेच बोलायच्या. आहेराचे, आचाऱ्याचे. एवढी महागाची वस्तू गेली आणि बाईला तिची हळहळच नाही, हे त्या मुलीने ताडले. तेव्हा तिने पैठणीचे विचारणे सोडले आणि फक्त एवढे सांगितले की आमच्या ठाण्यात एक माणूस बसलाय, चोरी त्याने केली असं लोक म्हणतात, आणि रविवारी त्याच्या मुलीचा साखरपुडा आहे.

मालकीणबाईंचे हात थांबले. "म्हंजे? कुणाला धरलंय तुम्ही?"

"नाव नाही सांगता येणार. पण लेकीचं लग्न मोडेल म्हणून रडतोय बिचारा."

बाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. तीच जांभळी पैठणी.

मी दिवाणखान्यात तिसऱ्यांदा चहा नको म्हणत होतो, तेवढ्यात त्या डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी ती आमच्यासमोर टेबलावर ठेवली. व्यापारी उभेच राहिले.

"अहो, ही कुठे सापडली?"

"काल पिंपळगावहून आली," बाई म्हणाल्या. "जाऊबाईनं पाठवली. म्हणं, ह्यांनी हौसेनं घेतलीय, पहिली घडी तुम्हीच मोडा."

ज्यांना ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे बाईने भारी साडी घेतली की ती लगेच स्वतः नेसत नाही. जिच्यावर माया आहे, मान आहे, तिला आधी एकदा नेसायला देते. त्याला घडी मोडणे म्हणतात. व्यापाऱ्यांचा चुलत भाऊ लग्नाच्या पत्रिका न्यायला आला होता, घरातलाच माणूस, किल्ली कुठे असते हे त्याला ठाऊक. त्याने पैठणी नेली आणि बायकोला सांगितले, तुझ्यासाठी घेतली. चोरीचा बोभाटा झालेलाच नव्हता, त्यामुळे त्या भाबड्या बाईला कसला संशय येणार? तिने रीतीप्रमाणे ती सगळ्यांत लाडक्या जावेकडे, म्हणजे जिच्या कपाटातून ती गेली होती तिच्याकडेच, मोठ्या प्रेमाने पाठवून दिली! चोराने कुलूप, किल्ली, वेळ, सगळ्याचा विचार केला होता. बायकोच्या चांगुलपणाचा तेवढा केला नव्हता. आणि आम्ही? काखेत कळसा नि गावाला वळसा.

"कालच का नाही सांगितलंस?" व्यापारी ओरडले.

"कशी सांगू? भावाभावांत उभं वैर झालं असतं. जाऊबाई तोंड दाखवायची नाही कुणाला. म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची, सुनेला दुसरी आणू." बाई माझ्याकडे वळल्या. "पर आपल्या घरची अब्रू झाकायला मी दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नावर माती टाकू व्हय? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. लिहून घ्या साहेब माझा जबाब. मी सांगते तसा."

आणि त्या घरातल्या बाईचा पहिला खरा जबाब आम्ही लिहून घेतला.

व्यापाऱ्यांनी फिर्याद मागे घेण्याची गळ घातली. मी सांगितले, दाखल झालेला गुन्हा म्हणजे दुकानातली पावती नव्हे, फाडून टाकायला. चुलत भावाला पिंपळगावहून आणले. त्याने पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली. लग्नात देता आली नव्हती ती पैठणी घेऊन देण्याचे वचन बायकोला वीस वर्षे देत आलो होतो, म्हणाला, आणि कपाटात ती साडी पाहिल्यावर बुद्धी फिरली. पुढे कोर्टात भावानेच दया मागितली आणि तो थोडक्यात सुटला. मालकीणबाई मात्र त्याच आठवड्यात स्वतः पिंपळगावला गेल्या आणि रडणाऱ्या जावेला लग्नासाठी आपल्या घरी घेऊन आल्या. अशा बाईला मी मनोमन सलाम केला.

पैठणी मिळाली त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, त्या पॉलिशवाल्याला सोडले. कागदावर कुठेही अटक नाही, चाळीत कोणाला पत्ता नाही. निघताना त्या मुलीने त्याला सांगितले, "काका, तुमची शिक्षा कधीच संपली. तुम्ही मनातून ती अजून भोगताय."

तो म्हणाला, "माझ्या मनात कवाच संपली ताई. लोकांच्या मनात चालू हाय."

तो गेल्यावर मुलगी मला म्हणाली, "सर, माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आता मला ते सिद्ध करायचंय."

तिने ते केले. एम.ए.ला पहिला वर्ग मिळवला आणि पेढे घेऊन थेट ठाण्यात आली, वडिलांना बरोबर घेऊन. जमादारांनी तिला सॅल्यूट ठोकला. थट्टेत नव्हे, खरोखर. पुढे ती प्राध्यापिका झाली आणि दरवर्षी मला आपल्या वर्गात बोलवायची. पदवी नसलेला मी एम.ए.च्या मुलांना शिकवायला उभा राहायचो, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान वाटायचा. त्या मुलांना मी एकच सांगायचो. संशयिताचा इतिहास तपासाच्या सुरुवातीला उपयोगी पडतो, पण तो पुरावा नव्हे. आणि तपासात एखाद्या निरपराध माणसाचे घर मोडत असेल, तर दुसरी वाट शोधायची. वाट असते. आपल्याला फक्त जवळची, सवयीची तेवढी दिसते. हे मला त्या केसने शिकवले, आणि ते शिकवायला एक विद्यार्थिनी यावी लागली.

त्या पॉलिशवाल्याच्या लेकीच्या लग्नाचे सांगायचे राहिले. त्या दिवशी मी गस्तीवर होतो आणि एका मंगल कार्यालयासमोर वरातीमुळे रस्ता तुंबला होता. मी जीपमधून उतरलो तर समोर तोच, नव्या फेट्यात. मी तोंड फिरवणार तोच त्याने मला पाहिले आणि सगळ्यांसमोर हात जोडले. शेजारी त्याचे व्याही उभे. मुलीचा बाप गणवेशातल्या साहेबाला हात जोडतोय, हे पाहून ते चकित झाले.

"तुमची यांची ओळख कशी हो साहेब?"

एवढे सांभाळून आणलेले सारे माझ्याच पायगुणाने जायचे. मी पटकन म्हणालो, "आमच्या घरचा तांब्याचा बंब यांनी पॉलिश करून दिला होता. फार नामी काम."

तो हसला. "साहेब, माझ्यापायी खोटं बोलू नका. म्या साखरपुड्याच्या आधीच ह्यांना समदं सांगितलंय. घरफोडी, जेल, तुमचं ठाणं, समदं. म्हटलं, लोकांच्या मनातलं आपणच जाऊन काढावं."

व्याही म्हणाले, "सांगितलं हो त्यांनी. दोन दिवस घरात कुणी जेवलं नाही. मग आमची ही म्हणाली, जो बाप स्वतःचं वाईट स्वतःच्या तोंडानं सांगतो, त्याची लेक आपल्याला फसवायची नाही. चला साहेब, पंगतीला बसा."

मी टोपी काढली आणि पंगतीला बसलो. आयुष्यभर मी माणसांना खोटे बोलताना पकडत आलो. खोटे बोलताना मला चारचौघांत पकडले ते फक्त त्याने, आणि तेव्हा तो माझ्याच ठाण्याच्या निगराणीच्या यादीत होता. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधी मी जमादारांना बोलावले आणि ते नाव यादीतून कमी करण्याचा प्रस्ताव अधीक्षकांकडे पाठवला.